मोकळी केलेली वाट

फार जुनी गोष्ट आहे. हिमालयाच्या एका उतारावर रात्रभर बर्फ पडला. सकाळी सशाने फावडं घेतलं आणि सगळ्यांच्या दारापुढची वाट मोकळी केली.

शेजारचे साळिंदरराव बाहेर आले. “ससेभाऊ, या वाटेवर कोणी घसरलं तर?”

“तर बर्फामुळे घसरेल.”

“बर्फ तर तुम्ही काढलात! आता वाट तुमची. कोर्टात तुम्हालाच उभं राहावं लागेल.”

“आणि काढलाच नसता तर?”

“तर ती देवाची करणी. देवावर खटला कोण भरतो?”

सशाचं डोकं गरगरलं. काढला तर मी, नाही काढला तर देव? त्याने खूप विचार केला आणि काढलेला सगळा बर्फ पुन्हा वाटेवर नीट पसरून टाकला.

संध्याकाळी साळिंदररावांच्या पिल्लाला सणकून ताप भरला. औषध घेऊन निघालेल्या वैद्य बकरीबाई खालीच बर्फात अडकल्या.

साळिंदरराव धावत सशाकडे आले. “ससेभाऊ, लवकर वाटेवरचा बर्फ काढा हो!”

ससा फावडं घेऊन लगेच निघाला, पण दारातच थबकला. त्याला खरोखरच कळेना. त्याने विचारलं, “काढतो. पण कुणाच्या नावावर काढू? तुमच्या, की देवाच्या?”