साळूबाईची म्हैस आणि दोन रात्रींचे शेजारी

तुमची म्हैस चिखलात रुतली, तर तुम्ही कुणाला हाक माराल?

फार फार पूर्वी, तळ्याकाठच्या एका गावात याचं उत्तर सोपं होतं. कुणी "धावा" म्हटलं, की दाराशी टांगलेला दोर घेऊन अख्खी आळी यायची. हातातला घास ताटात ठेवून यायची.

त्या तळ्यात निळी कमळं फुलत. ती पाहायला राजधानीतले लोक येऊ लागले आणि दोन रात्री राहून जाऊ लागले. साळूबाई म्हणजे गावातली सर्वांत हुशार बाई. तिने आपलं घर पाहुण्यांना दिलं, स्वतः गोठ्यात राहायला गेली आणि म्हैस तळ्याकाठी बांधली. हातात पैसा खुळखुळू लागला. ते पाहून एकेका शेजाऱ्यानेही घर पाहुण्यांना दिलं आणि टेकडीपलीकडे झोपडी घातली. आळी पूर्वीपेक्षाही गजबजली. फक्त माणसं दर दोन दिवसांनी नवी असत.

एका दुपारी म्हैस दावं तोडून तळ्यात उतरली आणि पोटापर्यंत रुतली. साळूबाईने जीव तोडून हाक दिली. सगळी दारं उघडली. पाहुणे आले आणि काठावर ऐसपैस बसले. दोर मात्र कुणीच आणला नाही, कारण दोरांवर त्यांची धोतरं वाळत होती. म्हैस रोज याच वेळी उतरते का, असं एकाने विचारलं. तिने धडपडून मान वर काढली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, बुडतेय ती. ओढा ना कुणीतरी," साळूबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आम्ही उद्या निघणार, बाई," एक पाहुणा अदबीने म्हणाला. "इथल्या म्हशींचं आम्हाला काय कळतंय?"

साळूबाई पदर खोचून टेकडीकडे पळत सुटली. शेजारी आले. त्यांनी धोतरं भिरकावली, दोर बांधले आणि जोर लावला. म्हैस बाहेर आली, तेव्हा दिवस मावळला होता आणि तिचा मागचा एक पाय कायमचा अधू झाला होता.

"टेकडीपलीकडून यायला वेळ लागतो गं, साळू," शेजारीण सगुणा धापा टाकत म्हणाली.

घरं माणसांनी भरली म्हणून शेजार होत नाही. शेजार राहून राहून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाईने पाहुण्यांना दशम्या बांधून दिल्या, त्यांना वेशीपर्यंत पोचवलं आणि ती आपल्या घरात राहायला गेली.