नळी सोडल्यावर

एकदा एका वृद्ध शल्यचिकित्सक बाईंच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर शस्त्रक्रिया शिकत होती. त्या दिवशी टेबलावर सुलक्षणा होती. वय चौतीस, मूल नाही, आणि गर्भपिशवीत नारळाएवढी गाठ. "गाठ काढा, पण पिशवी तेवढी राखा हो," असं तिने सकाळी शिष्येचा हात धरून विनवलं होतं.

पोट उघडल्यावर बाईंनी पिशवीच्या मुळाशी रबरी नळी घट्ट आवळली. येणारं रक्त तिथेच अडलं. शिष्येने गाठ सोलून काढली आणि उरलेली खोल पोकळी थरावर थर टाके घालून बुजवली. रक्ताचा टिपूस नाही! तिला हायसं वाटलं. आता पोट शिवायचं, एवढंच काय ते उरलं होतं.

तोच बाईंनी नळी सोडली आणि त्या घड्याळाकडे पाहत नुसत्या उभ्या राहिल्या. मिनिटभराने टाक्यांच्या रेषेवर रक्त आलं, मग वाहूच लागलं.

"मॅडम, सगळं कोरडं होतं की!" शिष्या जवळजवळ ओरडलीच. म्हातारपणी यांचं डोकं फिरलं की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पुढचा तासभर दोघी झगडल्या. आणखी टाके घातले, इंजेक्शनं दिली, रक्ताच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या. भूलतज्ज्ञ उतरता रक्तदाब सांगत राहिले. अखेर जीव वाचवायला गर्भपिशवी काढावी लागली. दैवाला तेवढीही दया आली नाही.

हात धुताना शिष्येला रडू आवरेना. "तुम्ही नळी सोडलीच नसती तर?"

"ती कायम ठेवता येते का, वेडे?" बाई थकून म्हणाल्या. "नळी रक्त अडवते, थांबवत नाही. आपले टाके धरतात की नाही, ते ती सोडल्यावरच कळतं. न थांबता पोट शिवलं असतं, तर आत रक्त साचून संध्याकाळपर्यंत ती गेली असती. म्हणून उभं राहून पाहायचं. चाळीस वर्षं पाहते आहे, अजून भीती वाटते."

"मग आज हाती काय लागलं?"

"ती जिवंत आहे. तेवढंच."

दुपारी सुलक्षणा शुद्धीवर आली. "राहिली ना?" तिने विचारलं. 'विश्रांती घ्या, नंतर बोलू,' हे शब्द शिष्येच्या अगदी ओठांवर आले होते. वेळ मारून नेणं किती सोपं होतं! तिने स्टूल ओढलं आणि खाटेशी बसली.

"नाही हो ताई. काढावी लागली."

सुलक्षणाने भिंतीकडे तोंड फिरवलं. शिष्या तिथून उठली नाही.