फुटला तो बाहेर

फार जुन्या काळी एका गावात कुंभाराची एक लेक दूरच्या शहरात शिकून घरी परतली. तिला वाटलं होतं, पारावर पोरांचा गलका असेल, पटावरच्या मातीच्या टेकड्यांवर मातीच्या मोहऱ्यांच्या फौजा भिडल्या असतील आणि कुणीतरी हाक मारेल, "अक्का, ये, दान टाक!" पाहते तर पारावरच्या पटाशी सराफाचा मुलगा एकटाच आपली पितळी फौज पुसत बसलेला. कुंभारआळीची पोरं लांब उभी.

"खेळत का नाही रे?" तिनं विचारलं.

"हरायला कशाला बसायचं? त्याच्याकडं पितळ आहे."

तिला राग आला. "डाव डोक्यानं जिंकतात, पैशानं नाही! मी दाखवते."

सराफाचा मुलगा हसला. "आणि हरलीस तर, अक्का?"

"तर आमची आळी या पटावर पुन्हा मातीची फौज आणणार नाही."

गावात पट तेवढा एकच होता.

डाव मांडला. कवड्यांचं दान जिंकेल त्यानं समोरचा मोहरा टेकडीवरून ढकलायचा, आणि वाडवडलांचा नियम एकच: फुटला तो बाहेर. तिनं चाली अशा रचल्या की पितळी सेनापती एकटा सापडला. दान पडलं. तिनं ढकलला. सेनापती थेट पाराखालच्या दगडावर आदळला. ठण्ण!

"मेला, मेला!" पोरं नाचू लागली.

सराफाच्या मुलानं तो उचलला, फुंकर मारली आणि परत टेकडीवर ठेवला. "मेला कुठं? फुटलाय का? दाखवा बरं!"

डाव पुढं चालला. दिवस मावळेपर्यंत तिच्या फौजेच्या खापऱ्या झाल्या. पितळाला साधा पोचाही आला नव्हता.

"खेळतेस मात्र फक्कड," तो म्हणाला. "ही घे माझी दुसरी पितळी फौज. तूही बस पटावर."

तिनं एक मोहरा तळहातावर तोलला. जड होता, देखणाही होता. घेतला तर उद्या तीही जिंकली असती. पोरं मात्र बघतच राहिली असती.

"सकाळी सांगते," ती म्हणाली आणि खापऱ्या ओच्यात गोळा करू लागली. गोळा करता करताच तिला उमगलं. जुन्या लोकांनी 'फुटला' म्हटलं, कारण त्यांच्या काळी पडेल तो मोहरा फुटतच होता!

सकाळी तिनं पितळी फौज परत केली. दिला शब्द पाळला, त्या पटावर माती नेली नाही. चिंचेखाली तिनं स्वतः चिखल तुडवला, नवा पट आखून त्यावर टेकड्या उभ्या केल्या आणि पोरांना हाक मारली, "या रे! आजपासून इथं खेळायचं. नियम एकच: पडला तो बाहेर."

कुंभारआळी धावत आली. पारावर उरलेला सराफाचा मुलगा जरा वेळानं हळूच मागं येऊन उभा राहिला.

"अक्का, पितळ चालेल?"

"चालेल की. सोन्याचाही आण. पण पडला, की बाहेर!"

तात्पर्य इतकंच: पैशानं डाव जिंकता येत नाही, असं नुसतं म्हणून भागत नाही, पैशाला जिंकवणारा नियम आधी बदलावा लागतो.