माडीवरची बाळंतीण

फार मागची गोष्ट. नरहरी आणि रुक्मा हे सुतार नवराबायको जुनी बाहुलीघरं गोळा करायचे, त्यांची पुढची भिंत कापून काढायचे आणि रंगवून गणपतीसाठी मखरं करायचे.

चतुर्थीला दोन दिवस उरले, तेव्हा शेवटच्या बाहुलीघराची पाळी आली. करवतीचा आवाज ऐकून ते आठवडाभर धास्तावलं होतं. त्यातच त्याच्या माडीवर एक उंदरीण व्याली होती.

“अगं, पिल्लं घेऊन पळ,” घर म्हणालं.

“कशी पळू? चार आहेत, डोळेही उघडले नाहीत. आणि दारात मांजर बसलंय.”

नरहरीने करवत भिंतीला लावली. घराने होता नव्हता तेवढा जोर लावून माडीची खिडकी उघडली. “इथे उभी राहा. दिसू दे त्यांना.”

एक पिल्लू तोंडात धरून उंदरीण खिडकीत आली.

“अहो, थांबा!” रुक्मा ओरडली. “आत बाळंतीण आहे!”

नरहरीचा हात थबकला. रुक्माने कापूस घातलेली करवंटी आणली आणि पिल्लं अलगद तिच्यात ठेवली. करवंटी उंच फळीवर गेली. उंदरीण मागोमाग चढली. नरहरी पुन्हा कामाला लागला, पण घराचं सगळं लक्ष वर होतं. एक, दोन, तीन. चौथं कुठाय? उंदरीण वाकून शोधत होती. शेवटी कापसाखालून इवलंसं शेपूट हललं.

घराने सुटकेचा श्वास सोडला, तेव्हा त्याला समोरून गार वारा लागला. भिंत केव्हाच कापून झाली होती.