जकातीचं दार आणि मूठभर बाजरी

एका राज्यात शिरायला एकच दार होते. बाकी सगळीकडे डोंगर, आणि ते ओलांडून कुणी आल्याचे ऐकिवात नाही. दार काळ्या लाकडाचे होते. त्याला पहारेकरी नव्हता, कारण दार स्वतःच बोलत असे, आणि काही द्यायचे-घ्यायचे झाले की चौकटीतून एक लांब, राखाडी हात बाहेर येई. तो हात कुणाचा, हे कुणी विचारले नाही. विचारले असेल, तर उत्तर सांगायला कुणी उरला नाही.

दाराचा कायदा जुना आणि सोपा होता. राज्यातून माणूस बाहेर निघाला की हात भिंतीतल्या कोनाड्यात त्याच्यासाठी एक पणती लावी. माणूस परतला की पणती आपोआप विझे. जे आपलेच आहे, ते बाहेर जाऊन परत आले तर त्याला जकात नसे. मेंढपाळ बासरी घेऊन गेला आणि तीच बासरी घेऊन आला, तर हात हलतही नसे. परमुलखातून काही आणले असेल, तर मात्र त्याची किंमत सांगायची आणि अर्धी किंमत दारात ठेवायची. किंमत मालकानेच सांगायची. दार घासाघीस करीत नसे. पण किंमत कमी सांगितली असे दाराला वाटले, तर त्या सांगितलेल्या किमतीला ते माल विकत घेई. मग तक्रार चालत नसे.

त्या राज्याचा राजा विश्रुत. चाळिशी उलटली, केस पांढरे झाले आणि राजा आरसे टाळू लागला. सीमेपलीकडे मांत्रिकांचा बाजार आहे, तिथे गेलेले परत मिळते, असे त्याच्या कानावर आले. राजा केस काळे करायला निघाला हे प्रजेला कळू नये, म्हणून त्याने एक झाकलेली बैलगाडी घेतली आणि कासरा स्वतःच्या हाती धरला. राणी शालिवती गरोदर होती, तरी ती सोबत निघाली.

“एकटे गेलात तर सगळा बाजार उचलून आणाल,” ती म्हणाली.

दारापाशी गाडी थांबली. “किती जण?” दाराने विचारले. त्याचा आवाज तेव्हा जात्यासारखा घरघरता होता.

“दोघं,” राजा म्हणाला.

“तिघं,” राणी म्हणाली.

राजा हसला. “राणीचं गणित पहिल्यापासून कच्चं.”

“आणि महाराजांची नजर,” राणी म्हणाली.

हाताने पणत्या लावल्या. किती लावल्या, ते पाहायला कुणी थांबले नाही.

मांत्रिकांचा बाजार सकाळी आणि संध्याकाळी भरे. दुपारी सावल्या आखूड होतात, म्हणून दुपारी दुकाने बंद असत. एका म्हातारीपाशी राजाला हस्तिदंताची फणी सापडली. एकदा फिरवली की केस जन्मभर काळे. फणी रेशमी कापडात गुंडाळलेली होती आणि गाठीवर लाखेची मोहोर होती. राजाने मोल दिले. म्हातारी म्हणाली, “आता कर. परमुलखातल्या माणसाला इथे कर पडतो.”

“काय कर?”

“सावली.”

राजा दोन पावले मागे सरला. म्हातारी हसली. “घाबरू नका महाराज. कर परत मिळतो. माल आमच्या मुलखात वापरायचा नाही, एवढंच. निघताना वेशीवर मोहोर शाबूत दाखवा, आणि सावली घेऊन जा.” एवढे बोलून तिने राजाची सावली चटई गुंडाळावी तशी गुंडाळली आणि फळीवर ठेवून दिली.

परतीच्या वाटेवर एका धर्मशाळेत राणी बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण बाहेर आली आणि ओसरीवर बसलेल्या राजाला म्हणाली, “आजोबा, नात झाली हो.”

त्याच घटकेला राजाने मोहोर तोडली.

वेशीवर खुंट्यांची लांबच लांब रांग होती, आणि खुंट्यांवर सावल्या टांगलेल्या होत्या. वारा नव्हता, तरी त्या हलत होत्या. खाली माणसांची रांग होती. त्यांच्या पायांशी काहीच नव्हते. काहींच्या अंगावरचे कपडे जीर्ण होऊन गळले होते, तरी ती माणसे पुढच्याच्या पाठीकडे पाहत उभी होती. वेशीवर एक साळुंकी बसली होती. परतावा द्यायचे काम तिचे.

“मोहोर कुठे?” साळुंकीने विचारले.

“वाटेत तुटली. गाडीच्या धक्क्यानं.”

“फणीच्या दात्यांत एक केस आहे.”

“आधीचा असेल.”

“डोक्यावरचे काळे केसही आधीचेच का?” साळुंकी म्हणाली. “माल वापरला. परतावा नाही. रांगेत थांबायचं तर थांब. पुढचा!”

राजा थांबला नाही. पण भर उन्हात तो गाडीपुढे चालत होता आणि जमिनीवर फक्त बैलांच्या सावल्या पडत होत्या, हे त्याला दिसत होते. एक गेले, आता घरच्या दाराशी अर्धे जाईल. कशाचे अर्धे, ते त्याला कळेना, आणि न कळल्यामुळे भीती वाढत गेली. राणी गाडीत तापाने ग्लानीत होती. दार दिसू लागले तेव्हा राजाने झोपलेल्या मुलीच्या दुपट्यात फणी खोल खुपसली, मुलीचे तोंड पदराने झाकावे तसे कापडाने झाकले, आणि ते गाठोडे काखोटीला मारले.

“परमुलखातून काय आणलंत?” दाराने विचारले.

“विशेष काही नाही. एक गाठोडं. जुनी पांघरुणं.”

“किंमत?”

राजाने मनात आले ते सर्वांत हलके मोल सांगितले. “मूठभर बाजरी.”

हात बाहेर आला. त्याने राजाचा उजवा तळवा उघडला, त्यात मूठभर बाजरी ओतली आणि राजाची बोटे एकेक करून मिटवली. मग त्याने गाठोडे उचलले आणि तो चौकटीत परत गेला. कुठे फट दिसली नाही. थोड्या वेळाने लाकडाच्या आतून, विहिरीच्या तळातून यावे तसे, तान्ह्या मुलीचे रडणे ऐकू आले. राजाने बैलांना चाबूक मारला.

राणी शुद्धीवर आली तेव्हा त्याने सांगितले, “मूल वाटेतच गेलं. मी पुरलं.”

त्या दिवसापासून राज्यात कुणाला कशाची किंमत कळेनाशी झाली. सोनार कांद्याच्या बदल्यात पाटल्या देऊ लागला. म्हाताऱ्यांनी अर्धी कापलेली पिके शेतात सोडली आणि ते झाडाखाली जाऊन बसले. लोक भांडत नव्हते, रडत नव्हते. घरात कुणी मेले तर शेजारी विचारीत, “आज काय केलं होतं जेवायला?” आणि घरचे लोक सांगतही. राजाची उजवी मूठ उघडत नव्हती. केस काळेभोर राहिले, आणि त्यांच्याखाली चेहरा सुकत गेला.

असे एक तप गेले. राणीही इतरांसारखीच झाली होती, किंवा जवळजवळ तशी. आत कुठे तरी एक जागा दुखत होती, आणि का दुखते ते तिला आठवत नव्हते. एकदा बाजाराच्या कट्ट्यावर तिला एक तान्हे मूल दिसले. ऊन डोक्यावर आले होते. तिने ते उचलून त्याच्या आईकडे नेले. आई भाजी निवडत होती.

“राहिलं वाटतं तिथे,” आई म्हणाली. “ठेवा ना, राणीसाहेब. तिथे, सुपाशेजारी.”

राणीने मूल खाली ठेवले नाही. तिच्या हातांना त्याचे वजन ओळखीचे वाटले. शेवटी तिने ते आईच्या मांडीवर दिले आणि ती तशीच राजाकडे गेली.

“महाराज, आपल्या मुलीला कुठे पुरलंत?”

“वाटेत.”

“कुठल्या झाडाखाली?”

राजाने उजवी मूठ पाठीमागे नेली.

“मूठ उघडा.”

“उघडत नाही.”

“मग तोंड उघडा,” राणी म्हणाली.

राजाने सगळे सांगितले. शेवटचा शब्द संपला आणि बोटे सैल झाली. तळव्यावर बाजरी होती. तिला अंधारात कोंब फुटले होते, आणि पांढरी मुळे हाताच्या रेषांतून आत गेली होती. राणीने एकेक दाणा सोडवला. राजा ओरडला नाही. दाणे तिने पदरात बांधले.

दोघे दाराशी गेली. दाराने विचारले, “किती जण?”

तो आवाज जात्याचा नव्हता. लहान मुलीचा होता.

“ही माझी मुलगी बोलते आहे,” राणी म्हणाली.

“हा विकत घेतलेला आवाज आहे,” तोच आवाज म्हणाला. “विक्री रीतसर झाली.”

“विक्री खोटी होती.”

“विकणाऱ्यानं सांगावं.”

“खोटी होती,” राजा म्हणाला.

“ज्याला सावली नाही, त्याची साक्ष दार धरत नाही. तीन गोष्टी आणा. दिलेली बाजरी, एकही दाणा न सांडता. विकणाऱ्याची सावली. आणि मालाची किंमत.” हाताने फणी बाहेर ठेवली. “ही गाठोड्यात निघाली. मला केस नाहीत.”

दोघे बाहेर पडली. हाताने दोन पणत्या लावल्या. या वेळी राणीने मागे वळून पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिली. मग ती गाडीत बसली.

वेशीवर तीच रांग होती, तीच माणसे. साळुंकी म्हणाली, “उशीर केलास, राजा.”

“परतावा हवा आहे.”

“वापरलेल्या मालावर मिळत नाही. वापर माघारी घे. फणी उलटी फिरव, टोकाकडून मुळाकडे. पण जे थोपवलं होतं, ते सगळं एकदम येईल.”

राजाने राणीकडे पाहिले. राणीने पाहिले नाही. त्याने फणी उलटी धरली. पहिल्या फिरवणीला केस पांढरे झाले. दुसऱ्या फिरवणीला पाठ वाकली. तिसऱ्या फिरवणीला दात्यांत अडकलेला केस सुटून पडला आणि राजाचे हात कापू लागले. रेशमी कापड आपोआप फणीभोवती गुंडाळले गेले, लाख जुळली, मोहोर शाबूत झाली.

साळुंकीने चोचीने सावली खुंटीवरून काढली. ती चुरगळली होती आणि धुळीने भरली होती. शिवाय ती ताठ माणसाची सावली होती. ती वाकलेल्या राजाच्या पायांना चिकटली, पण अर्धे पाऊल मागे राहून चालू लागली. रांगेतल्या माणसांनी पहिल्यांदाच माना वळवल्या.

दोघे परत दाराशी आली तेव्हा ऊन उतरले होते. राणीने पदर सोडून राखाडी हातावर बाजरी दिली. हाताने दाणे चाचपले, कोंबही चाचपले. “पुरी आहे.” मग हात राजाच्या पायांशी गेला, त्याने सावलीची कड चिमटीत धरून पाहिली. “ही त्याचीच.” मग दार मुलीच्या आवाजात म्हणाले, “आता माझी किंमत सांगा.”

“माझं सगळं राज्य,” राजा घाईने म्हणाला.

“तुझ्या राज्यात पाटल्या कांद्याला जातात. कमीच सांगितलीस, त्या किमतीला हा माल मी आत्ता पुन्हा विकत घेते.” हात चौकटीतून लांबू लागला.

“थांब,” राणी म्हणाली. “महाराज चुकले. किंमत सांगायचीच नाही.”

“परमुलखातून आणलेल्या मालाची किंमत सांगावीच लागते.”

“ती परमुलखातून आणलेली नाही. ती याच दारातून बाहेर गेली होती. तू विचारलंस किती जण, मी सांगितलं तिघं. कोनाड्यात बघ. आम्ही दोघं बाहेर आहोत, आणि पणत्या तीन जळताहेत. तिसरी कुणाची?”

राखाडी हात हळूहळू कोनाड्याकडे वळला. बोट एका पणतीवर गेले, दुसऱ्या पणतीवर गेले. तिसऱ्या पणतीत तेल नव्हते. वात केव्हाच जळून गेली होती. ज्योत मात्र तशीच उभी होती, एक तप. हाताने ती चिमटीत धरून विझवून पाहिली. ती विझली नाही.

“बाहेर गेलेलं परत आलं नाही,” दार अगदी बारीक आवाजात म्हणाले. “आणि मी ते उंबऱ्यावरच विकत घेतलं.”

“आपलं आपण परत नेलं, तर जकात किती?” राणीने विचारले.

“नाही,” दार म्हणाले. “जकात नाही.”

तो त्याचा मुलीच्या आवाजातला शेवटचा शब्द. लाकूड मधोमध चिरले, आणि चिरेतून एक मुलगी बाहेर आली. तिचे केस कधी विंचरलेले नव्हते. उजेडाने तिचे डोळे मिटत होते. तिने राणीसमोर उभे राहून, सवयीने, रोज विचारायची तसे विचारले, “परमुलखातून काय आणलंत?”

“काही नाही,” राणी म्हणाली. “माझंच होतं. घरी नेते.”

तिने मुलीचा हात धरला आणि तिला उंबरा ओलांडायला लावला. मागे एक पणती विझली. मग राणीची. मग, जरा थांबून, राजाची.

त्या घटकेला सोनाराने हातातला कांदा पाहिला आणि डोके धरले. झाडाखालचे म्हातारे उठून शेताकडे धावले. आणि बाजाराच्या वाटेवर बायका धावत सुटल्या, अनवाणी, मोकळ्या केसांनी, आपापल्या मुलांची नावे घेत. किती तरी घरांतून त्या दिवशी पहिल्यांदा रडणे ऐकू आले, एक तपभर राहून गेलेले. राजाने ते सगळे ऐकले. राणी त्याच्याशी पुढे किती बोलली, ते मला सांगता येणार नाही. पण तो रोज दाराशी जाऊन बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खरी किंमत सांगायला सांगे, एवढे नक्की.

मुलीचे नाव तृतीया ठेवले. पुढे ती त्या राज्याची राणी झाली. तिच्या काळात दार पुन्हा जात्यासारखे घरघरू लागले होते. फक्त कुणी दुपट्यात बाळ घेऊन आले, तर ते काहीच विचारीत नसे. हात बाहेर येई, दुपट्याची कड बाजूला करून बाळाचा चेहरा पाही, आणि निमूट आत जाई.