भिवाजीने जोडलेला शब्द

एका राज्यात गडाच्या दाराचा अडसर पडला, आणि तो आवाज भिवाजीच्या कानात सात वर्षे राहिला. जेवताना राहिला, निजताना राहिला. अडसर लाकडाचा होता, पण आवाज दगडाचा आला होता.

त्या राज्याच्या राजाला एकच शब्द बोलता येई. तो शब्द म्हणजे 'जा'. राजाच्या खापरपणज्याकडे एकदा भस्मनाथ नावाचा मांत्रिक आला होता. तहानेने व्याकूळ होता. त्याने पाणी मागितले. खापरपणजा म्हणाला, "जा." मांत्रिक म्हणाला, "एवढ्या एका शब्दावर तुझे भागते, तर तुझ्या वंशालाही एवढाच पुरे." मग त्याने राजघराण्याचे बाकीचे सारे शब्द एका तांब्याच्या हंड्यात भरले, वर झाकण घातले आणि हंडा डोंगरात नेऊन ठेवला. तेव्हापासून जो गादीवर बसे, त्याच्या तोंडून 'जा' सोडून काही निघत नसे. तो लिहायला बसला, तरी बोरूतून तोच शब्द उतरे.

पण राज्य तर चालायला हवे. म्हणून सिंहासनाच्या उजव्या हाताला एक माणूस उभा राही. त्याला जोडकरी म्हणत. राजा 'जा' म्हणे, जोडकरी राजाचा हात बघे आणि त्या शब्दाला एक लहानसा शब्द जोडी. अंगठा तळव्यात वळला, तर 'आत जा'. बोटे उघडली, तर 'घेऊन जा'. मूठ पालथी झाली, तर 'निघून जा'. एवढ्याशा शब्दाने कोणाचे घर उभे राही, कोणाचे मातीला मिळे. आणि एकदा जोडलेला शब्द मोडायचा नाही, अशी रीत होती. ती राजालाही मोडता येत नसे.

भिवाजी हा सातवा जोडकरी. बोलायला हळू, मनाने मऊ. त्याची एकुलती एक लेक अंबू. ती खाडीकाठी, मिठागरातल्या गोंदाला दिली होती.

एका वर्षी खाडी चढली. मिठागरातली माणसे गडाच्या दाराशी गोळा झाली. त्यांचा मुखिया दरबारात आला आणि हात जोडून म्हणाला, "आत घ्या, महाराज. पाणी मागे लागले आहे."

राजा म्हणाला, "जा."

भिवाजी म्हणाला, "निघून जा."

दार लागले. अडसर पडला. बाहेरच्या माणसांत अंबू आहे, हे भिवाजीला त्यानंतर कळले. पाण्याने गोंदाला नेले. अंबू चिंचेच्या फांदीला धरून राहिली, म्हणून वाचली.

पाणी ओसरल्यावर भिवाजी लेकीला आणायला गेला. ती टेकडीवर झोपडी घालून राहिली होती. तिने त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नाही.

"आबा, तो शब्द राजाचा होता, की तुमचा?"

"राजाचाच गं. मी नुसता जोडतो."

"मग राजाच्या तोंडून ऐकीन. त्याचा असेल, तर तुमच्याबरोबर घरी येईन. तुमचा असेल, तर मला बाप नाही."

एक शब्द बोलणाऱ्या राजाच्या तोंडून हे ऐकायचे कसे? भिवाजीने सात वर्षे विचार केला. त्याचा विचारही त्याच्यासारखाच सावकाश. मग एके सकाळी त्याने भाकरी बांधली आणि तो हंड्याच्या वाटेला लागला.

डोंगराच्या पायथ्याशी सावरीच्या झाडावर एक टकाचोर पक्षी बसला होता. तो म्हणाला, "कोण रे तू, वाळक्या शेंगेसारखा?"

"मी राजाचा जोडकरी."

"हंडा हवा असेल. तुझ्या आधी तीन राजपुत्र आले. एकाची हाडे त्या तिथे आहेत. बैस हवा तर त्यांच्यावर, दमला असशील."

"हंड्यापर्यंत पोचायची कामे सांग."

"तीन आहेत. चढून जा. ओलांडून जा. पाहून जा. जोडता मलाही येते, बरे का!"

पहिला डोंगर. तो चढणाऱ्याबरोबर वाढे. पहिला राजपुत्र धावला होता, तेव्हा डोंगरही धावला होता. भिवाजी मात्र इतका हळू चढला, की आपल्यावर कोणी चढते आहे हेच डोंगराला कळले नाही. तो माथ्यावर पोचला, तेव्हा डोंगर झोपेत होता.

दुसरी नदी. मानाची वस्तू अंगावर असली, की ती माणसाला खाली ओढी. भिवाजीने जोडकऱ्याचे चांदीचे कडे काढले आणि वाळूत ठेवले. पाणी गुडघ्याएवढेच लागले.

"एवढेच?" त्याने विचारले.

"एवढ्यासाठी दोन मुकुट बुडाले," टकाचोर म्हणाला आणि कडे चोचीत धरून उडाला.

तिसरे डबके. ते हंड्याच्या पुढ्यात होते. जोडकऱ्याने जोडलेला एकेक शब्द त्यात दिसे, आणि सगळे पाहिल्याशिवाय झाकण हलत नसे. भिवाजी काठावर बसला. त्याने 'घेऊन जा' म्हणताच बैल घेऊन हसत गेलेला तेली पाहिला. 'परत जा' म्हणताच भर उन्हात माघारी वळलेली बाळंतीण पाहिली. त्याला वाटले होते त्याहून शब्द पुष्कळ निघाले.

शेवटी तो दिवस आला. त्या सकाळी चाळीस माणसे येऊन गेली होती. चाळीसही वेळा राजाची मूठ पालथी झाली होती, आणि चाळीसही वेळा भिवाजी 'निघून जा' म्हणाला होता. एकेचाळिसावा मिठागरातला मुखिया. त्याच वेळी भिवाजीच्या वहाणेचा पट्टा तुटला. डबक्यातला भिवाजी वाकला. राजा 'जा' म्हणाला. राजाचा अंगठा तळव्यात वळला. वाकलेला भिवाजी, वाकल्यावाकल्याच, सकाळपासूनचा शब्द बोलून गेला. राजाचा हात वर उठला, हवेतच राहिला. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

भिवाजीने ते तीनदा पाहिले. अंगठा तिन्ही वेळा आतच होता. सात वर्षे तो स्वतःला सांगत आला होता, की आपण मूठ पाहिली. त्याने काहीच पाहिले नव्हते.

"झाकण सैल झाले," टकाचोर म्हणाला. "पण विचार कर, म्हाताऱ्या. राजा बोलू लागला, तर हेही बोलेल."

"ठाऊक आहे," भिवाजी म्हणाला, आणि त्याने झाकण उघडले.

आतून शब्द मधमाश्यांसारखे उठले आणि गडाकडे गेले. दरबारात राजाने तोंड उघडले, आणि पहिला शब्द आला, "पाणी." सेवक पळाले. राजा पाणी प्याला, मग हसला, मग बोलतच राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने मिठागरातल्या माणसांना गडाच्या आत जागा दिली. सिंहासनाच्या उजव्या हाताची जागा मोकळी झाली.

भिवाजी परतला, तेव्हा राजाने त्याला एकट्याला बोलावले.

"भिवाजी, त्या दिवशी माझा हात कसा होता, हे मला आठवते."

"मलाही आता ठाऊक आहे, महाराज."

"तू पाच पिढ्यांचा शाप उतरवलास. तुझी लेक उद्या येईल. मी सांगेन, शब्द माझा होता. राजाला एक खोटे झेपते."

भिवाजीने मान खाली घातली. नको, असे तो म्हणाला नाही.

अंबू आली. दरबारात सरळ उभी राहिली. तिच्या तळव्यांना मिठाने भेगा पाडल्या होत्या.

"महाराज, तो शब्द कोणाचा होता?"

"माझा," राजा म्हणाला.

अंबूने डोळे मिटले. मग ती बापाकडे वळली. "आबा," ती म्हणाली. तिने त्याचे प्रवासातले गाठोडे खांद्याला लावले आणि त्याचा हात धरला. "चला घरी. केवढे वाळलात! कोणी भाकर घालत नव्हते का?"

भिवाजी तिच्याबरोबर चार पावले चालला. भेगाळलेला तळवा त्याच्या हातात होता. मग तो थांबला.

"अंबू, राजाचा अंगठा आत होता."

"भिवाजी!" राजा म्हणाला.

"मी बघितलेच नाही, पोरी. वहाणेचा पट्टा तुटला होता. मी वाकलो होतो. शब्द माझा होता."

अंबूने त्याच्या तोंडाकडे पाहिले. मग तिने त्याचा हात सोडला, खांद्यावरचे गाठोडे उतरवून हळूच त्याच्या पायांशी ठेवले, आणि ती दाराबाहेर चालत गेली.