तुळशीरामने बस्ता बांधला

एका गावात तुळशीराम नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? ‘पोत्याला जरा हात लाव’ म्हटलं, की हा पोत्याला हात लावून उभा राहायचा. उचलायचा नाही. अशा पाच नोकऱ्या गेल्यावर बायको म्हणाली, “सहावी गेली तर मी माहेरी चालले.” बिचारा हबकला. बायकोवर त्याचा फार जीव होता.

सहावी नोकरी पोपटशेठच्या कापडदुकानात लागली. शेठ म्हणाले, “गिऱ्हाईक दारात दिसलं की माल दाखवायचा. कंटाळा करायचा नाही.”

पहिल्याच दिवशी एक बाई दारात आल्या.

“पोस्ट कुठं आहे हो?”

तुळशीरामने त्यांना साठ साड्या उलगडून दाखवल्या. तोवर पोस्ट बंद झालं.

शेठनी कपाळावर हात मारला. “अरे, आधी विचारावं, कुणासाठी हवंय? मग गोड हसून म्हणावं, अंगाला लावून बघा, नाही आवडलं तर आठ दिवसांत बदलून देऊ.”

“बरं शेठ.”

दुसऱ्या दिवशी चार माणसं आली. पांढरं कापड मागू लागली.

“कुणासाठी हवंय?”

“आमचे आप्पा गेले.”

तुळशीराम गोड हसला. “अंगाला लावून बघा. नाही आवडलं तर आठ दिवसांत आप्पांना घेऊन या. बदलून देऊ.”

चौघांनी त्याला असा धुतला की शेठना मधे पडावं लागलं. “अरे शहाण्या, घरची मंडळी अशी जमून आली की चेहरा पाडावा. म्हणावं, फार वाईट झालं, आता रडून काय उपयोग? धीर धरा.”

“बरं शेठ.”

तिसऱ्या दिवशी जगदाळ्यांच्या घरची मंडळी जमून आली. लग्नाचा बस्ता होता. नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टोप्यांपर्यंत सगळी खरेदी एकाच दुकानात. शेठचा अख्खा हंगाम त्यावर होता.

तुळशीरामने चेहरा पाडला. नवरदेवाचा हात हातात घेतला. “फार वाईट झालं. आता रडून काय उपयोग? धीर धरा.”

नवरदेव नवरीकडे टकामका बघायला लागला. वरमाई ताडकन उठल्या. “चला समोरच्या दुकानात!”

शेठ पार रडकुंडीला आले. “बसा, बसा! खास शालू माडीवर आहेत, आत्ता आणतो!” जिना चढण्याआधी तुळशीरामच्या कानात खेकसले, “एकही माणूस हलता कामा नये! बस्ता इथंच बांधला गेला पाहिजे. नाहीतर तू घरी!”

तुळशीरामला बायको ट्रंक भरताना दिसली. जीव तोडून तो कामाला लागला.

शेठ खाली आले आणि हातातले शालू गळून पडले. नवरदेव, नवरी, दोन्हीकडचे व्याही, सगळे ओळीनं दुकानाच्या खांबांना आवळलेले. कुणाला हूं की चूं करता येईना.

“अरे, हे काय केलंस?”

तुळशीरामने घाम पुसला. “बस्ता बांधला, शेठ. फक्त वरमाईंना सहावारी पुरली नाही. त्यांना नऊवारी लागली.”